सात मिनिटं धान

वीरेंद्र चहाच्या टपरीवर नेहमीसारखा माह्या उजव्या बाजूले येऊन बसला, मंग त्याले काय आठवलं कोणास ठाऊक, कप हातात घेऊन उठला, बाकाले वळसा घातला अन् माह्या डाव्या बाजूले येऊन बसला. झालं एवढंच. डाव्या बाजूले धड जागाही नव्हती, बाकाचं टोक होतं, अर्धं ढुंगण बाहेर लटकवून बसला होता तो, अन् मले म्हणे, "काय भुपेंद्र, बरं आहे ना?" भुपेंद्र! बत्तीस वर्षांत या झेरॉक्सवाल्यानं मले भुप्या सोडून दुसरं काही म्हटलं असन तं त्या शिव्याच. अन् बोलणं कसं, तं बँकेतली बाई म्हाताऱ्या पेन्शनवाल्याले सांगते तसं, एकेक शब्द धुऊन, वाळवून, ओठ मोठे करून. मी हसलो. मी हसतोच, माह्या थोबाडाचं ते दुकान बारा महिने उघडं राहते. म्हटलं, "बरं नसाले काय झालं बे, तू चहा पाजून राहिला म्हणजे जग बुडालं का?" यावर त्यानं मले शिवी द्यायले पाहिजे होती. त्यानं माह्या मांडीवर हात ठेवला. अन् मी अर्धा कप तसाच खाली ठेवला. काहून का माह्या उजव्या कानाची गोष्ट एकाच माणसाले माहीत होती. कामिनीले, माह्या बायकोले, नव्हती. नागपूरच्या डॉक्टरले होती, पण त्याले मी धरत नाही, त्याले माहं आडनाव वाचता आलं नव्हतं. एक माणूस म्हणजे नदीपलीकडच्या कारध्याचा सेवकराम, माहा दोस्त. अन् त्यालेही मी तोंडानं सांगितलं नव्हतं. खरखरीत सांगितलं होतं.

हे खरखरीचं सांगतो, नाही तं तुमाले वाटन याचं कानासोबत डोकंही गेलं. आमी आयटीआयले होतो, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकची बॅच, एकसष्ट जण. मी तवाही असाच होतो. प्रिन्सिपल सरच्या स्कूटरच्या डिकीत मी असं सर्किट बसवलं होतं की ब्रेक दाबला का मांजर ओरडे, अन् सर चार दिवस स्कूटर उलटी करून मांजर शोधून राहिले होते, पाचव्या दिवशी त्यांनी डिकीत दूध ठेवलं. तं आमचे वर्गातले सर शिकवत, की आवाज एकटा दूर जाऊ शकत नाही, त्याले घोडा लागते. घोडा म्हणजे एका सुराची साफ लहर. आवाज तिच्या पाठीवर बसते अन् गावोगाव जाते. अन् खरखर म्हणजे रस्त्यातले लुटारू. सेवक्या माह्या बाजूले बसे. दिसायले असा की पाहुण्यानं याले पाणी मागितलं तं हा विहीर कुठं आहे ते विचारन. तो हळूच म्हणे, "भुप्या, लुटारूच्याच पाठीवर बसवलं तं?" म्हणजे काय, मी विचारलं. म्हणे, "खरखरच घोडा. दुसऱ्याले वाटन काही नाहीच, खाली खरखर. पण ज्याच्याजवळ तीच खरखर ठेवली आहे, तो आपली अन् आलेली एकमेकाशी ताडून पाहीन, अन् फरक उरन तो माणूस." फरक उरन तो माणूस! मी त्या दिवशी त्याच्याकडे पाहत राहिलो. मले मस्करी सुचे, त्याले हे सुचे.

मंग आमी पवनीले त्याच्या मामाच्या राइस मिलमध्ये गेलो, कारण त्याले साध्या टीव्हीची खरखर नको होती, ती म्हणे सगळ्यांजवळ आहे. मिलमध्ये धान टिनाच्या घसरणीवरून खाली पडे, त्याच्या खाली टेपरेकॉर्डर ठेवून आमी पाऊण तास बसलो, केसात, कानात, दातात कोंडा. दोन कॅसेटा केल्या. एक त्याची, एक माही. तिसरी नाही, असं त्यानंच म्हटलं होतं, नाकातला कोंडा शिंकरत. तवा काही जमलं नाही. कॅसेटची चाल कधीच जुळे ना, निम्मं बोलणं अन् निम्मं धान. पण आमी हसून हसून लोळलो होतो, कारण त्या धानातून सेवक्यानं जे पहिलं वाक्य काढलं ते माहं होतं अन् ते प्रिन्सिपल सरच्या मांजरीबद्दल होतं.

पुढं तीस वर्ष गेले. तो कारध्याले मोटरी रिवाइंड करून राहिला, मी भंडाऱ्याच्या बस स्टँडसमोर टीव्ही दुरुस्त करे, मंग मोबाइल, मंग जे येईन ते. तीन वर्षांआधी त्याच्या पोरीनं, टीनानं, त्याच्या लॅपटॉपवर अन् माह्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. जुन्या कॅसेटवरचं धान आत घेतलं. मी माईकवर बोलायचं, माहं बोलणं त्या धानाले अगदी थोडं कमीजास्त करन, इतकं थोडं की कानाले कळू नये. अन् ते मी आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं. सगळ्यांसमोर! तिथंच तं मजा होती. व्हॉइस नोट नाही, ती आवाज पिळून टाकते, डॉक्युमेंट म्हणून, अन् सेवक्याचा लॅपटॉप ते आपल्या धानाशी ताडून माहा आवाज वेगळा काढन. रोज सकाळी सात वाजता, सात मिनिटं धान. लोक उघडत, अन् लिहीत, "भुप्या फोन नाल्यात फेक," "भुप्या तुह्या घरी पोहे भाजून राहिले का," नाव ठेवलं माहं खरखऱ्या. अन् त्याच खरखरीत मी त्याच लोकांची अशी सालं काढे, वीरेंद्रच्या विगची, हर्षाच्या नवऱ्याच्या कवितांची, की पुसू नका. अन् सात वाजून दहा मिनिटांनी सेवकरामचा एक अंगठा येई. बाकी काही नाही. अंगठा. माहा दिवस त्या अंगठ्यानं सुरू होई. एकसष्ट माणसांच्या मध्ये उभं राहून एकाच माणसाच्या कानात बोलता येणं, हे सुख मी तुमाले कसं सांगू.

आता मस्करी कितीक दिवस पुरन. वर्ष उलटल्यावर मी मधातच खरं बोलायले लागलो. आधी अर्धा मिनिट, मंग मिनिट. माणसानं खरं बोलायची जागा पाहिली पाहिजे, अन् माह्या तोंडाले ती कुठंच नव्हती, लोक माह्या बापाच्या मयतीतही मी आता काय करतो म्हणून पाहत होते. धानात बोलता येई. या पौषात मी सांगितलं, सेवक्या, माहा उजवा कान गेला. नस सुकली म्हणते डॉक्टर. डावाही भरवशाचा नाही, वर्ष धर, दोन धर. अन् गंमत अशी की कान गेला पण चूप नाही झाला, आत दिवसभर सर्र सर्र चालू राहते. सेवक्या, मी टीव्ही उघडायच्या आधी कानानं पाहतो, तुले माहीत आहे. अन् मस्करी म्हणजे काय, समोरचा श्वास कवा घेते ते ऐकणं. मी बहिरा झालो तं मी फक्त एक जाडा माणूस आहे बे. हे मी बोललो. सात वाजून दहाले अंगठा आला. दुसऱ्याच्या अंगठ्यात काही नसते, पण त्या दिवशीच्या त्या पिवळ्या अंगठ्याले मी धरून बसलो होतो, लहान पोरगं बापाचं बोट धरते तसं.

अन् आज वीरेंद्र बाकाले वळसा घालते.

दुकान नाही उघडलं. स्कूटर काढली अन् पुलावर आलो, वैनगंगा खाली मार्चची, अर्धी वाळू, अन् डोक्यात एकेक गोष्ट कुलूप निघावं तशी निघून राहिली होती. महिनाभरात ग्रुपवर कोणी मले फोन फेक म्हटलं नव्हतं. हर्षा बाजारात भेटली तं तोंडासमोर येऊन उभी राहून बोलली, मले वाटलं बाई आता म्हातारी झाली, नजर गेली असन. मले जे दिसते ते दुसऱ्याचंच दिसते. अन् कामिनी! कामिनीनं पंधरा दिवसांआधी स्वयंपाकघरातलं माहा पाट फिरवून ठेवला, म्हणे इकडून हवा येते. हवा कायची येते, तिकडं भिंत आहे. पण तिकडं बसलो का माहा डावा कान तिच्याकडं होते. म्हणजे तिलेही माहीत. म्हणजे पंधरा दिवस ती मले पोळी वाढून राहिली अन् माहं मरण पाहून राहिली अन् मी तिले रोज हसवून राहिलो अन् ती हसून राहिली. ज्याची दया येते त्याची कोणी टर उडवत नाही. भंडाऱ्यात आता माही टर उडणार नाही. मले वाटे मी लोकांले फसवून राहिलो, अन् लोक मले सांभाळून घेऊन राहिले होते.

अन् हे सगळं सेवक्यानं केलं. दोनच धान जगात. एक माह्या ड्रॉवरमध्ये. मी विचार करत होतो त्याले काय म्हणायचं. ओरडायचं नाही, ओरडलो तं मी हरलो. हसत हसत म्हणायचं, काय सेवकरामभाऊ, माह्या कानाचे झेरॉक्स कितीले विकले, वीरेंद्रकडून काढले का? चांगलं होतं. पुलाच्या मधात मी ते तीनदा बोलून पाहिलं, अन् तिसऱ्यांदा आवाज फाटला.

सेवकरामच्या ओट्यावर सत्यभामावहिनी वड्या वाळू घालून राहिल्या होत्या. "या भाऊजी, आज इकडं कसे? लाइट गेली का भंडाऱ्याची?" म्हटलं, "वहिनी, तुमच्या हातचा चहा प्यायले आलो, आमच्याकडं साखरेले मुंग्या नाही लागत, इतकी महाग झाली." त्या हसल्या. आत सेवक्या मोटरीवर वाकून तांब्याचा तार गुंडाळून राहिला होता, माह्याकडं न पाहता हात वर केला, थांब, म्हणजे मोजून राहिला. एकशे बारा, एकशे तेरा. मी त्याच्या ओठांकडं पाहिलं. या ओठांनी कोणकोणाले सांगितलं असन. मंग तार कापला, हात पँटले पुसले, स्टूल ओढलं अन् माह्या उजव्या बाजूले बसला. अगदी जवळ. अन् खाली मान घालून पुटपुटायले लागला, तो तसाच बोलते, स्वतःच्या शर्टाच्या गुंड्यांशी. मले काही ऐकू नाही आलं. सर्र सर्र, अन् त्याच्या ओठाचा एक कोपरा हलून राहिला. मी वाट पाहिली की आता याले आठवन, उठन, वळसा घालन. उठलाच नाही. उलट अजून वाकला, त्या मेल्या कानाजवळ, अन् काहीतरी विचारलं, अन् माह्या उत्तराची वाट पाहत राहिला.

एक श्वासभर, खोटं कायले सांगू, मले असं हलकं वाटलं की मी त्याची पप्पी घेतली असती. याले माहीतच नाही! यानं नाही सांगितलं! माहा सेवक्या साफ आहे. अन् तो श्वास सोडता सोडता मले दुसरं कळलं, अन् ते असं आलं की आधीचं सगळं त्याच्यासमोर कौतुकच वाटावं. याले माहीतच नाही.

मी मान फिरवली, डावा कान पुढं आणला, अन् अगदी गमतीनं विचारलं, "काय बे, कालची कशी वाटली?"

"कालची?" तो ताराच्या गुंडाळ्याकडं पाहून म्हणे, "मस्त होती ना. हसून हसून मेलो."

काल मी हसवलं नव्हतं. काल मी सांगितलं होतं की कामिनीनं परसातून हाक मारली, ती पाय घसरून पडली होती, "आयकून राहिले का जी" म्हणून तीनदा ओरडली, अन् मी दहा हातांवर चणे खात बसलो होतो. शेजारची पुष्पाबाई धावत आली तवा मले कळलं. कामिनीनं मले काही म्हटलं नाही. चिखलाचं लुगडं धुतलं. हे मी काल सात मिनिटं सांगितलं होतं, रडलो होतो माईकवर, अन् सात वाजून दहाले अंगठा आला होता.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

त्यानं तार बोटाले गुंडाळला, सोडला, गुंडाळला. तो खोटं बोलू शकत नाही, त्याले जमतच नाही, म्हणून तं मी त्याले निवडलं होतं. "भुप्या," तो म्हणे, "लॅपटॉप टीना घेऊन गेली ना बे पुण्याले. दोन वर्ष झाले."

"दोन वर्ष?"

"तिले पाहिजे होता. नोकरीले. म्हटलं दुसरा घेऊ, मंग राहून गेलं. तुले सांगणार होतो. पण तू इतका खुश राहे. मंग महिना झाला, मंग सहा महिने झाले, मंग कसं सांगू?"

"अन् अंगठा?"

"अंगठा मीच टाके. मी ऐके ना बे भुप्या, पुरे सात मिनिट, मोबाइलवर. धान. मामाची मिल आता बंद झाली, तिथं लॉन झालं लग्नाचं. मोटरी गुंडाळताना लावून ठेवे. धान पडल्यासारखं वाटे. मले वाटे तू धाडून राहिला म्हणजे तू मजेत आहेस."

मजेत आहे. सातशे सकाळी हा माणूस माह्या घोड्याच्या टापा ऐकत बसला अन् वरच्या माणसाकडं यानं पाहिलंच नाही. सांगणारा बेइमान कसा असते ते मले माहीत होतं, त्याच्यासाठी माह्याजवळ शब्द तयार होते, पुलावर घासून आणले होते. न ऐकणाऱ्यासाठी एकही नव्हता. मी बोललो कोणाशी मंग? पौषात मी कोणाचं बोट धरून बसलो होतो?

अन् मंग भंडाऱ्याले सांगितलं कोणी? मी उठून ओट्यावर आलो, वीरेंद्रले फोन लावला, डाव्या कानाले. सेवक्या मागून येऊन खांबाले टेकून उभा राहिला. मी एवढंच म्हटलं, "वीऱ्या, कसं काढलं?"

त्यानं तिकडं झेरॉक्सची मशीन बंद केली. मंग म्हणे, "दिवाळीत. हर्षाच्या पोरीनं. ती इंजिनिअर आहे. ती म्हणे भुपेंद्रमामा रोज वेगळी खरखर नाही टाकून राहिले, एकच आहे, रोज तिथूनच सुरू होते. तिनं एका दिवसाची फाइल दुसऱ्या दिवसाच्या फाइलीनं भागली. खालीवर तेच धान, कटून गेलं. अन् तू उरलास बे. दोन तू, दोन दिवसाचे, एकमेकांच्या अंगावर बोलणारे. मंग तिनं सुटे केले."

कटून गेलं. शाळेतल्या अपूर्णांकासारखं. आमी दोघंही मेकॅनिक, अन् रोज तेच पाऊण तासातले पहिले सात मिनिट घेतले. काहून घेतले? कारण सुरुवातीले, धान पडायच्या अगदी आधी, सेवक्या शिंकरल्याचा आवाज आहे. मले तिथूनच सुरू करायले आवडे. पुढचं धान कधी वापरलंच नाही, जसं काही संपन.

"सगळ्यांले?" मी विचारलं.

"तुम्हा दोघांले सोडून दुसरा ग्रुप केला," वीरेंद्र म्हणे. "रागावू नको. आधी तं तुले धरून मारणार होतो, विगचं ऐकून. मंग लत लागली. रोज वाट पाहत होतो बे सगळे. मंग तुह्या कानाचं आलं. हर्षा रडली, तिनंच वहिनीले सांगितलं. आमी म्हटलं सांगू नका याले, सांगितलं तं हा बोलणं बंद करन. अन् सेवक्या आहेच, तो पाहून घेईन." मंग हळूच म्हणे, "काल वहिनीले लागलं तं नाही ना जास्त?"

मी फोन ठेवला. चोरून ऐकणाऱ्या एकोणसाठ जणांले माह्या बायकोच्या घोट्याची काळजी होती. मले त्या क्षणी त्यांचाही राग नाही आला धड. रागाले एक जागा लागते उभं राहायले, अन् कोणत्याही बाजूले पाय टाकला तं तिथं कोणी ना कोणी आधीच खुर्ची टाकून ठेवली होती. सत्यभामावहिनी चहा घेऊन आल्या, आमच्या दोघांकडं पाहून कप ठेवून आत गेल्या.

"काय म्हणे वीऱ्या?" सेवक्यानं विचारलं.

"काही नाही. झेरॉक्सची मशीन बिघडली म्हणे."

तो ओट्यावर बसला. मीही बसलो. मंग त्यानं तेच विचारलं जे त्यानं विचारायले नको होतं. "काय सांगे रे तू इतकं रोज? आता सांग ना. बसलोच आहो."

त्याचे डोळे खरे होते. त्याले खरंच पाहिजे होतं. मी तोंड उघडलं असतं तं या माणसानं ओट्यावर बसून दोन वर्ष ऐकलं असतं, जेवला नसता. अन् मले दिसून राहिलं होतं की सगळ्या भंडाऱ्यात एकच माणूस आता असा आहे ज्याच्यासाठी मी जाडा बहिरा नाही, भुप्या आहो. ज्याले सांगायचं होतं तो एकटाच न ऐकलेला. हे त्याले मी देऊ का? कायले देऊ?

"काही नाही बे," मी म्हटलं. "वीऱ्याच्या विगचे जोक. हर्षाच्या नवऱ्याच्या कविता. तू काही गमावलं नाही."

"बस? दोन वर्ष?"

"विग मोठा आहे त्याचा."

तो हसला. मोकळा झाला असा हसला, खांद्यावरून काही उतरवल्यासारखा, अन् माह्या बाजूले सरकला, उजव्या. चहा प्यायला. मंग खाली मान घालून, गुंड्यांकडं पाहत, बोलायले लागला. आधी मले वाटलं टीनाबद्दल आहे. मंग वाटलं नाही, कारण त्याच्या हातातला कप बशीवर वाजत असावा, मले फक्त हलताना दिसे. तो थांबे, गिळे, पुन्हा बोले. एकदा त्यानं आत दाराकडं पाहिलं, वहिनी ऐकून राहिल्या का म्हणून. एकदा डोळे पुसले, ताराच्या काळ्या हातानं, गालावर काळा पट्टा उमटला. तीस वर्षांत या माणसाले मी असं काही सांगताना पाहिलं नव्हतं, हा नेहमी ऐकणारा होता. मान फिरवायची होती फक्त. एवढी, चार बोटं. मी समोर नदीच्या वाळूकडं पाहत राहिलो. तो बोलत गेला. मधून मधून, तो श्वास घ्यायले थांबला असं दिसलं का, मी म्हणे, "हो ना बे." अन् तो पुढं सांगे.